पेन्सिलीतला हर्शेल गेदर्स

आमच्या चार्ल्स्टनात कुठली बग्गी कुठल्या गल्लीत जाणार हे गाडीवान ठरवत नाही, गाडीला जुंपलेलं खेचर ठरवत नाही, आणि तिकीट काढून बसलेला पाहुणा तर मुळीच ठरवत नाही. ते चेंडू ठरवतो.

बाजारपेठेच्या तोंडाशी एक टपरी आहे. तिच्यात मिस व्हर्डेल प्रेलो बसतात. त्यांच्यापुढं सोडतीचं यंत्र, आत रंगीत चेंडू लाह्यांसारखे उडत असतात. बग्गी टपरीपुढं उभी करायची, मिस व्हर्डेल बटण दाबतात, नळीतून एक चेंडू टपकन पडतो. पिवळा आला की बंदराकडच्या गल्ल्या, हिरवा आला की जुन्या चर्चांकडच्या, लाल, पांढरा, निळा, ज्याची त्याची हद्द ठरलेली. सगळ्या बग्ग्या एकाच गल्लीत घुसून घरमालकांच्या झोपा मोडू नयेत म्हणून ही सोय. लोक लांबून येतात, अमुक वाडा दाखवा म्हणतात. हर्शेल त्यांना सांगायचा, "साहेब, वर देव आणि खाली मिस व्हर्डेल. मी नुसता लगाम धरतो."

हर्शेल गेदर्स आमच्या पागेतला सगळ्यात जुना गाडीवान. वय चोपन्न, त्यातली बावीस वर्षं त्या उंच बाकावर. डोक्याला गवती टोपी, कमरेला लाल पट्टा, आणि पुढं बिशप. बिशप म्हणजे खरा तर चर्चचा बडा धर्मगुरू, पण इथं ते खेचराचं नाव. आमच्या मालकाला खेचरांना भारदस्त नावं ठेवायची खोड. माझ्या खेचराचं नाव गव्हर्नर.

हर्शेलची बग्गी सुटली की आधी उपदेश सुटायचा. "मंडळी, वास येईल. नाक धरू नका. गटार नाही ते, खाजण आहे. आम्ही परगावी मेलो तर याच वासाच्या ओढीनं परत येतो. दुसरं, पाट्या वाचू नका. इथं लिहितात ह्यूगर आणि म्हणतात यूजी. वाचून पत्ता विचारलात तर गावकरी तुम्हाला पार चुकीच्या दिशेला पाठवतील, आणि तेही हसून. तिसरं, ऊन बघून बूट घालू नका, भरती बघून घाला. या गावात पाऊस न पडता पूर येतो. आणि चौथं. रस्त्यावरचं दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. ते घराचं दार नव्हे, ओसरीचं. आत एक म्हातारी बसलेली असते. ती तुम्हाला भात खायला घालील, आणि तुमच्या आजोबांचं नाव विचारील, आणि ते तिला ठाऊक नसलं तर भात परत मागील."

ही म्हातारी उपदेशापुरती काढलेली नव्हती. ती त्याची आत्या.

थॉमसीनाआत्या अठ्ठ्याऐंशीची. हर्शेलची आई लवकर गेली, तेव्हा आत्यानंच त्याला वाढवला. तिचं घर टॅलो गल्लीत. आमच्याकडची जुनी घरं रस्त्याला तोंड देत नाहीत, खांदा देतात. ओसरी बाजूला, लांबच लांब. आत्या ओसरीच्या टोकाला बसायची आणि उघड्या दारातून तिला रस्त्याचा हातभर तुकडा दिसायचा. त्या हातभर तुकड्यातून जे जाईल तेवढं तिचं जग. आमच्या गावात माणसं दोनच तऱ्हेची, 'कमया' म्हणजे आलेला आणि 'बिनया' म्हणजे असलेला. आत्या अस्सल बिनया. हर्शेलला मात्र ती अर्धा कमया धरायची, कारण त्याच्या आईला पुलापलीकडं गेली असताना कळा लागल्या आणि हा तिकडंच जन्मला. दोन मैलांची चूक, पण आत्यानं चोपन्न वर्षं माफ केली नव्हती.

तरी खरं दुखणं ते नव्हतं. दुखणं बायबलात होतं.

गेदर्सांचं घरातलं बायबल उशीएवढं जाड. पहिल्या पानांवर घराण्यातली नावं, जन्म, आणि प्रत्येक नावापुढं त्या माणसाचं काम. प्लेटो, वीट थापणारा. हॅना, सुईण. जोनास, पडाव वल्हवणारा. थॉमसीना, शाळेची स्वयंपाकीण, एकेचाळीस वर्षं. सगळं काळ्या शाईत. आणि शेवटी हर्शेल. त्याच्यापुढं आत्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हिंडतो'.

कारण आत्याला पटतच नव्हतं की हर्शेल गाडीवान आहे. बावीस वर्षांत तिनं त्याला बग्गीवर बघितलाच नव्हता. निळा चेंडू आला की टॅलो गल्ली यायची, आणि निळा त्याला शेकडो वेळा आला. पण तेव्हा आत्या चर्चमध्ये असायची, नाहीतर डुलकीत. जागी असली तर बग्गी त्या हातभर चौकटीतून निघून जायची आणि तिला ओझरतं काहीतरी दिसायचं. गल्ली अरुंद, थांबायला मनाई. घरांपुढं ओरडायला तर सक्त मनाई.

रात्री जेवताना तो विचारायचा, "आज गेलो ना दारावरून, बघितलंस?"

"बघितलं. खेचराचं बूड दिसलं."

"मग?"

"मग काय? ते तुझंच कशावरून?"

त्यानं फोटो आणून दाखवला. आत्यानं तो चष्म्याला चिकटवून पाहिला. "असला फोटो ओहायोहून फिरायला आलेली माणसंसुद्धा काढून नेतात. टोपी घालतात, लगाम धरतात, दात काढतात. म्हणून काय ती गाडीवान झाली?"

"अगं मी सकाळी आठला जातो, संध्याकाळी सहाला येतो. मग दिवसभर करतो काय?"

"तेच तर लिहिलंय की. हिंडतो."

"आज चार फेऱ्या मारल्या, आत्या. दोन पिवळ्या, एक लाल, एक पांढरी."

"हिंडण्याला रंग दिला म्हणून ते काम होतं होय रे?"

तू बाजारात येऊन बघ, असं आम्ही सगळ्यांनी तिला विनवून झालं होतं. तिचं उत्तर ठरलेलं. "बाजार कमयांसाठी. हॅनाआजी सुईण आहे हे बघायला कोणी बाळंतिणीच्या खोलीत गेलं होतं का? काम खरं असलं की ते दारापर्यंत येतं."

अशात आत्याची लेक इमोजीन फिलाडेल्फियाहून आली. आईचे गुडघे संपले, आता तिला तिकडं न्यायचं. रविवारी सकाळी निघायचं ठरलं. आत्याबरोबर तिची टोपी, तिचा भाताचा टोप आणि बायबल जाणार होतं. हर्शेल ओसरीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आत्या, तेवढं पेन्सिलीचं बघ. तू गेल्यावर ते कोण खोडणार? नातवंडं वाचतील. प्लेटो वीट थापायचा, हॅना सुईण होती, आणि हा एक हिंडत होता."

आत्यानं हातातला पंखा मिटला. मग म्हणाली, "तीन दिवस देते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चार ते पाच मी दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसते. चौकट नाही, काही नाही. गाडीवर दिसलास तर शाईनं लिहीन. नाही दिसलास तर पेन्सिल ती पेन्सिल."

गुरुवारी चार वाजता हर्शेल टपरीपुढं आला. आम्ही पाच गाडीवान टोप्या काढून मागं उभे. चेंडू पडला, लाल. त्याच्यामागं माझी गाडी. मला निळा आला! मी पुढं झालो, "मिस व्हर्डेल, आमची अदलाबदल करा की. कुणाचं काय जातंय?"

मिस व्हर्डेल चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "चेंडू गाडीला लागतो, माणसाला नाही. आणि मी दर रविवारी थॉमसीनाच्या शेजारी बसून भजन म्हणते. लबाडी करून तिच्या शेजारी कुठल्या तोंडानं बसू?"

"या रविवारी ती नाहीच इथं."

"मग तर रिकाम्या जागेशेजारी बसायचं. ते आणखी वाईट. निघा, मागं रांग आहे."

मी निळ्या हद्दीत गेलो. आत्या खुर्चीत ताठ बसली होती, मांडीवर बायबल. मी टोपी उचलली. ती म्हणाली, "बघ, तू गाडीवान. दिसतोस तरी."

शुक्रवारी चेंडू निळा आला. आम्ही इतके ओरडलो की हर्शेलच्या बग्गीतल्या पाहुण्यांना वाटलं आपल्याला काहीतरी बक्षीस लागलं. एका बाईनं विचारलं, "काय मिळणार?" हर्शेल म्हणाला, "शाई, मॅडम!" आणि बिशपला हाकारलं. बिशप बावीस वर्षांत कधी धावला नव्हता. तो त्या दिवशीही धावला नाही, पण निदान तसा विचार करताना दिसला.

टॅलो गल्लीच्या तोंडाशी पोचले तर गल्लीत समुद्र. वर आभाळ लख्ख निळं, ढगाचा ठिपका नाही, आणि खाली गटाराच्या जाळ्यांतून भरतीचं पाणी बुडबुडत वर आलेलं, पोटरीभर. ऊन बघून नको, भरती बघून बूट घाला, असं दिवसातून चार वेळा सांगणाऱ्या हर्शेलनं त्या दिवशी भरतीचं वेळापत्रक बघितलंच नव्हतं. ऐंशी पावलांवर आत्या दिसत होती. खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली, बायबल डोक्यावर धरलेलं, चहूकडून पाणी. हर्शेलनं लगाम झटकला. बिशपनं पाण्यात एक खूर टाकला, काढला, झटकला, आणि उभा राहिला तो राहिलाच. मागं गाड्या खोळंबल्या. हर्शेल बाकावर उभा राहून दोन्ही हात हलवायला लागला. पाहुण्यांनीही हलवले. पलीकडून आत्यानंही हात हलवला.

रात्री तो नाचतच घरी गेला. "बघितलंस ना? हात हलवलास की!"

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, ऐंशी पावलांवर काहीतरी हलत होतं. मी हात हलवला. कोणीही हलवला की मी हलवते. त्याला रीत म्हणतात."

"अगं तो मीच होतो!"

"असशील. तिथं सात-आठजण हात हलवत होते. सगळ्यांनाच गाडीवान लिहू का?"

शनिवार उजाडला तो तापलेलाच. पारा ठरल्या रेघेवर गेला की सगळ्या बग्ग्या रस्त्यावरून काढून घ्यायच्या, असा आमच्याकडचा नियम. दोन वाजता पारा रेघेवर गेला. सगळी खेचरं पागेत, पंख्यांपुढं. हर्शेल दारात उभा राहून आभाळाकडं बघत होता, जसा काही ढग त्याचं देणं लागतो. साडेतीनला खाडीवरून एक ढग आला, पारा उतरला. मग खेचरांचा ताप बघायचा. माणसाचा तोंडात बघतात, खेचराचा दुसरीकडं बघतात, त्याविषयी इथं इतकंच. बिशप पास झाला. माझा गव्हर्नर नापास झाला, त्याला सुट्टी. म्हणून मी हर्शेलच्या बग्गीत मागच्या बाकावर जाऊन बसलो. चार वाजायला दहा मिनिटं होती.

पाहुणे चढले. हर्शेल बिशपच्या कानात काहीतरी पुटपुटत होता, नवस असावा. मग तो चढून बसला, मागं न बघता गाडी टपरीपुढं आणली. मिस व्हर्डेलनी बटणाकडं हात नेला आणि मान वर केली.

"गुड आफ्टरनून, थॉमसीना."

"गुड आफ्टरनून, व्हर्डेल. उकडतंय."

हर्शेल गर्रकन वळला. पहिल्या बाकावर आत्या. चर्चची जांभळी टोपी, हातमोजे, मांडीवर बायबल, शेजारी छत्री, बोटांत तिकीट.

"आत्या! तू इथं काय करतेयस? तू खुर्चीत हवीस!"

"खुर्चीत बसून काल पाय भिजले. इमोजीननं मोटारीनं आणून सोडलं, तिकीट काढलंय. पुढं बघ तू. गाडीवान पुढं बघतो असं ऐकलंय मी."

चेंडू पडला, हिरवा. हर्शेलचा चेहरा सवयीनंच पडला. मग त्याच्या ध्यानात आलं की आता कुठलाही रंग चालतो. तो खदखदून हसला आणि म्हणाला, "बघितलंस? बसलोय की नाही मी इथं?"

"बसलेला तर ओहायोवालाही दिसतो," आत्या म्हणाली. "चालव."

त्यानं चालवली. कोपरा इतका अलगद घेतला की आत्याच्या टोपीवरचं पीससुद्धा हललं नाही. मी मागून बघत होतो, बायबल घट्ट धरलेला तिचा हात सैल होऊन छत्रीवर गेला होता. मग हर्शेलचा उपदेश सुरू झाला आणि हात परत बायबलावर आला.

"मंडळी, ओसऱ्यांची छतं बघा, निळी. भुतांना ते पाणी वाटतं, म्हणून ती आत येत नाहीत."

"गांधीलमाश्या घरटं करत नाहीत म्हणून," आत्या म्हणाली. "भूत कशाला छताकडं बघेल?"

"आणि हे चर्च, याच्या घंटा युद्धात..."

"उतरवल्या होत्या. चोरीला गेल्या म्हणून सांगतोस की काय तू?"

"नाही," हर्शेल घाईनं म्हणाला. पण सांगायचा तो तेच.

पाहुणे खूष. ओहायोच्या एका जोडप्यानं तर हर्शेलकडं पाठ करून आत्याकडं तोंड केलं. कोळंबीचा भात कुठं चांगला मिळतो, त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "माझ्याकडं. पण मी उद्या चाललेय. तुम्ही उशीर केलात."

पुढं एका जुन्या बंगल्याची विटांची भिंत लागली. बिशप थांबला. तो तिथं रोज थांबतो. पाय फाकवले, आणि लघवी करायला लागला. खेचराची लघवी हे मिनिटभराचं काम नव्हे. ती चालते. तेवढ्या वेळात पाहुण्यांना कुठंतरी बघायला लावावं लागतं. म्हणून हर्शेलनं पहिल्याच वर्षी त्या भिंतीसाठी एक भूत रचलं होतं.

"ती वरून तिसऱ्या ओळीतली वीट बघा, मंडळी. तीन बोटं उमटलीयत. लग्नाच्या दिवशी नवरा समुद्रात बुडाला आणि त्या नवरीच्या भुतानं..."

"थांब," आत्या म्हणाली.

"आत्या, अजून त्याचं झालेलं नाही."

"त्याचं चालू दे. तू थांब." ती छत्री टेकून उठली, वाकली, आणि हातमोजा काढून बोटं विटेवर ठेवली. तिची बोटं म्हातारी, आखडलेली. तरी त्या खुणांपेक्षा मोठी. "भूत कसलं रे? ओली वीट साच्यातून काढताना पोराची बोटं रुतलीयत. आठ वर्षांचं असेल. गुलामाचं पोर. दिवसभर विटा उलट्या करायचं काम त्यांच्याकडं."

हर्शेल बाकावरून विटेकडं वाकला. मग हळूच म्हणाला, "प्लेटोची?"

"प्लेटोची की आणखी कुणाची, मला काय ठाऊक. पण भुताची नाहीत. भुतं कामं करत नाहीत."

ओहायोची बाई हिरमुसली. "म्हणजे इथं भूत नाहीच?"

"बाई, भूत हवं असेल तर माझा दीर आहे," आत्या म्हणाली, "पण तो निळ्या चेंडूत येतो."

बिशपचं संपलं. हर्शेलनं नियमाप्रमाणं बाकाखालची, बुडाला वजन लावलेली छोटी झेंडी काढली, ओल्या जागेवर टाकली, वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "सात नंबर बोलतोय. बिशपनं भिंतीपाशी केलीय. पाण्याची गाडी पाठवा." पलीकडून खरखर आली, "ऐकलं. चार वाजून बावीस."

आत्या त्या झेंडीकडं बघतच राहिली. "हे काय?"

"खूण. मागून गाडी येते, धुऊन जाते."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"आणि वेळ लिहून घेतात?"

"हो."

"आणि झेंडी नाही टाकलीस तर?"

"बोलणी बसतात. परवाना जातो."

आत्या सावकाश खाली बसली. टोपी नीट केली. "मग हे काम आहे," ती म्हणाली. "हिंडणाऱ्या माणसाला कोणी झेंडी टाकायला लावत नाही." आणि लगेच, "बावीस वर्षं सांगत होतास ते रंग, चेंडू. हे आधी नाही सांगता आलं?"

पुढच्या चौकात हर्शेलनं पाहुण्यांकडं वळून टोपी काढली आणि सांगितलं की भिंतीवरची ती बोटं विटा करणाऱ्या एका पोराची होती, आणि नवरीबिवरी कोणी नव्हती. आत्या पुढं बघत म्हणाली, "आता बरं चालवतोस."

रविवारी सकाळी इमोजीनची मोटार दारात उभी. आत्यानं ओसरीत बायबल उघडलं, पावाच्या तुकड्यानं पेन्सिल खोडली, आणि दौत पुढं ओढली. एकेक अक्षर घोटून काढलं. मग फुंकर घालून पान हर्शेलकडं फिरवलं. मीही त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं. 'हर्शेल, बिशपचा गाडीवान, बावीस वर्षं.'

हर्शेल डोळे पुसता पुसता थांबला. "आत्या, पण हे वाचून लोकांना वाटेल की..."

"वाटू दे."

"तू तर मला खोट्याबद्दल..."

"यात खोटं काय आहे? शब्द दाखव." हर्शेलनं ओळीखालून दोनदा बोट फिरवलं. आत्यानं बायबल मिटलं. "थाप अशी मारायची, पोरा. एकही शब्द खोटा नको."

भिंतीपाशी बिशप अजून रोज थांबतो. हर्शेल आता पोराच्या बोटांचं सांगतो. ती गोष्ट लहान आहे, बिशपचं संपायच्या आत संपते, आणि मग उरलेला वेळ सगळे गप्प बसून विटेकडं बघतात. फिलाडेल्फियाहून आत्याचा दर बुधवारी फोन येतो. परवा सांगत होती, तिथल्या चर्चमध्ये हर्शेलचं फार नाव झालंय. बायका विचारतात, कुठल्या बिशपचा?

"मग तू काय सांगतेस?" हर्शेलनं घाबरतच विचारलं.

"खरं तेच. म्हटलं, थोर आहे, बोलतो कमी. आणि जिथं म्हणून थांबतो, तिथं लोक झेंडी लावतात."